दोन्ही माद्या

नोरीन एन्टविसलच्या उजव्या अंगठ्यावर आमच्या हार्कलो गावाचा जेवढा भरवसा होता, तेवढा पाद्र्यावरही नव्हता, आणि हवामानाच्या बातम्यांवर तर मुळीच नव्हता. गिनी पिगच्या पिल्लांत नर कुठला नि मादी कुठली हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. दुकानदार 'दोघी बहिणी आहेत' म्हणून गळ्यात बांधतो आणि दोन-तीन महिन्यांत बहिणींपैकी एक बाळंत होते. मग ते घरचे खोकं घेऊन नोरीनच्या मागच्या दारात हजर. नोरीन पिल्लाला उताणं तळहातावर घ्यायची, पोटाच्या खालच्या अंगाला अंगठा हलकेच दाबायची, की झालं.

"हा नर. आजच्या आज वेगळा करा. आणि दुकानदाराला माझा निरोप द्या, म्हणावं डोळे तपासून घे."

अठ्ठावीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली ढवळली होती. तीनशे पोरांना गाजरं खाऊ घालता घालता उरलेली सालं घरी यायची, त्या सालांमागून कुणाच्या तरी नकोशा झालेल्या गिनी पिगची एक जोडी आली, आणि मग रीघच लागली. नवरा फ्रँक सुतार. त्याने मागच्या परसात शेड उभी केली, भिंतीला लागून बावीस खुराडी ठोकली. तो कधी चिडला नाही. फक्त एकदा म्हणाला होता, "नोरीन, यांच्यासाठी एवढा कोबी चिरतेस, एखादे दिवशी माझ्याही ताटात पडू दे की."

यायची ती जनावरं कुठून यायची ते ऐकलंत तर जेवण जाणार नाही. पोरीच्या वाढदिवसाला हौसेने आणलेली. वर्षभरात पोरगी मोठी होते, हातात फोन येतो, आणि खुराडं परसाच्या टोकाला, कपड्यांच्या दोरीखाली, पावसात. आई म्हणते पोरगी घालत असेल, पोरगी म्हणते आई घालत असेल. नखं वाढून वाढून तळव्यात घुसलेली, दात वाढून तोंड मिटेनासं झालेलं, ताजा पाला न मिळाल्यामुळे सांधे सुजलेले, खालचा भुसा कुजून काळा चिखल. नोरीन अशी खोकी उघडायची आणि आणणाऱ्यांची भीडमुर्वत न ठेवता बोलायची. "पोरीचा कंटाळा आला की तिलाही परसात नेऊन ठेवणार का हो?" ऐकणारे रडत घरी जात. जाईनात का, ती म्हणायची.

बरी झालेली जनावरं ती नव्या घरी द्यायची, पण आधी ते घर स्वतः जाऊन बघायची, आणि देताना हाताने लिहिलेलं एक कार्ड द्यायची. वर नावं, नर की मादी, खाली तिची सही. त्याखाली दोनच नियम, हिरव्या शाईत, जाड अक्षरात. एक: गिनी पिगला कधीही एकटं ठेवायचं नाही, एकटा गिनी पिग झुरून मरतो. दोन: पिल्लं होऊ द्यायची नाहीत, झालेली कळली तर सगळी जनावरं परत नेली जातील, सबब चालणार नाही.

त्या नियमांचा तिला फार अभिमान होता. फ्रँक गेला त्या आठवड्यातही तिने शेड बंद ठेवली नाही. धाकटी बहीण पॉलीन म्हणाली होती, "अगं, चार दिवस दार लाव. माणूस गेलंय घरातलं." त्यावर नोरीन म्हणाली, "त्यांना काय कळतंय कोण गेलं ते? त्यांना खायला लागतंच." गावाने तोंडात बोटं घातली. काय बाई आहे, म्हणाले. तिलाही ते ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

त्यानंतर सहा वर्षांनी, फेब्रुवारीत, बेथनीचा फोन आला. बेथनी ही प्राणी वाचवणाऱ्या संस्थेची अधिकारी, तिशीतली, कामाला वाघ.

"नोरीन, येताय का? आणि मिळतील तेवढी खोकी आणा. जुन्या खाणीच्या रस्त्याला शेवटची बंगली. बॉयलर बघायला नगरपालिकेचा माणूस आला होता, तो दारातूनच मागे फिरला आणि ओकला."

"किती आहेत?"

"मोजायला गेले तर पायाखाली येतायत."

दार उघडल्यावर डोळेच चुरचुरले. मुताचा असा भपकारा की नाकावर मफलर दाबला तरी घशात उतरत होता. दिवाणखान्यात जमीन दिसतच नव्हती. वर्तमानपत्रं, लेंड्या, वाळलं गवत, आणि त्यात सगळीकडून हलणाऱ्या पाठी. कुणाच्या अंगावर केस नाहीत, नुसती खवल्यासारखी लाल कातडी. कुणाचा कान फाटलेला, कुणाचा डोळा गेलेला. न्हाणीघराच्या टबात नर कोंडलेले, एकमेकांना चावून रक्तबंबाळ झालेले. निजायच्या खोलीत पलंगावर माद्या, पोटं फुगलेल्या. पलंगाखाली काल जन्मलेली पिल्लं, काही जिवंत, काही नाही.

आणि या सगळ्याच्या मध्ये स्वयंपाकघरात एक म्हातारा, गळ्याशी टाय नीट बांधलेला, हातात किटली. "चहा घेणार का? बसायला मात्र एकच खुर्ची आहे," तो म्हणाला. सिरिल ग्रिमशॉ. एकोणऐंशी वर्षांचा, आयुष्यभर गावच्या बसचा ड्रायव्हर. त्या एका खुर्चीवर तो झोपतही होता, कारण पलंग त्यांना दिलेला. हाडं कोटातून मोजता आली असती. कपाटात ब्रेड आणि चहाची पुडी. भाजीपाला जेवढा यायचा तेवढा सगळा त्यांना.

त्याला प्रत्येकाचं नाव पाठ होतं. बसच्या थांब्यांची नावं दिली होती त्याने. "ही गिरणीचं फाटक. ही पोस्टाचा कोपरा. तिला जपून घ्या, तिचा पाय दुखतो. हा दफनभूमी." नावं संपली तेव्हा त्याने दुसऱ्या मार्गाचे थांबे घेतले, मग तिसऱ्या. बेथनीने फ्रीझर उघडला तर आत ब्रेडच्या कागदात गुंडाळलेली चौदा मेलेली जनावरं, प्रत्येकावर पेनाने थांबा लिहिलेला. "जमीन गोठलीय ना," सिरिल म्हणाला, "वसंत आला की पुरणार होतो."

नोरीन त्या ओट्याशी सकाळपासून दुपार टळेपर्यंत उभी होती. एकेकाला उताणं करायचं, अंगठा, नर, खोकं. अंगठा, मादी, खोकं. एकेचाळीस नर, बावन्न माद्या, आणि माद्यांतली क्वचितच कुणी रिकामी. जनावरांच्या डॉक्टरने तिच्यादेखत सत्तावीस जणांना कायमचं झोपवलं. सत्ताविसाव्याला तिच्या डोक्याची शीर तडकली. ती सिरिलसमोर जाऊन उभी राहिली.

"लाज नाही वाटत? माणूस आहात की कोण? एकाला तरी विचारायचं होतंत! फोन नाही घरात?"

"आहे," सिरिल म्हणाला आणि त्याने खाली मान घातली.

बेथनीला कोर्टासाठी जाणत्या माणसाचं लेखी मत हवं होतं. नोरीनने तिथेच गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं: हा विसरभोळेपणा नव्हे, हा क्रूरपणा आहे. या माणसाच्या हाती पुन्हा मुंगीसुद्धा देऊ नये. खाली सही ठोकली आणि बेथनीने तो कागद फाइलीत घातला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. कपाटामागून आवाज येतोय, एखादं राहिलंय, असं सफाईवाले म्हणाले होते. खरंच राहिलं होतं, शेकोटीच्या फळीखाली, तांबूस रंगाचा एक म्हातारा नर, मागचे पाय जवळजवळ लुळे पडलेला. त्याला बाहेर काढताना तिचा खांदा फळीला लागला आणि वरच्या घड्याळामागून एक कार्ड खाली पडलं. हिरवी शाई होती.

'डॉरिस, मार्जोरी. दोन्ही माद्या. स्वतः तपासल्या. नो. एन्टविसल.' खाली तारीख होती.

ती तारीख तिला विसरणं शक्यच नव्हतं. फ्रँकला पुरलं तो मंगळवार. ही त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची.

ती खालीच बसली, त्या घाणीत. चेहरा आठवत नव्हता. त्या शुक्रवारी दारात कोण कोण आलं होतं त्यातलं एकही माणूस आठवत नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. घर बघायलासुद्धा ती आली नव्हती. मात्र एक फोन आठवला. त्याच हिवाळ्यात एका पुरुषाने अगदी अदबीने विचारलं होतं, "मिसेस एन्टविसल, समजा, पिल्लं झाली तर काय करायचं असतं?"

आणि ती फाडकन म्हणाली होती, "पिल्लं झाली म्हणजे तुम्ही दुकानातून नर आणलात. माझ्याकडच्या माद्या माद्याच असतात. नियम वाचा कार्डावरचे. नाव काय तुमचं? उद्या येऊन सगळी घेऊन जाते."

"नाही, नाही. सहज विचारलं." फोन बंद. हा किस्सा तिने पॉलीनला रंगवून सांगितला होता. 'सहज विचारलं' म्हणे! दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

सिरिल मागच्या पायरीवर बसला होता. नोरीन त्याच्यासमोर गेली. एका हातात तो नर, एका हातात कार्ड.

"हा कोण?"

"मार्जोरी," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "सापडली का? मला वाटलं गेली. डॉरिस तर पहिल्याच वर्षी गेली, तिसऱ्या बाळंतपणात."

"मिस्टर ग्रिमशॉ, हा नर आहे."

"हो, ते दुसऱ्या खेपेला आलं माझ्या लक्षात. पण तुम्ही मादी लिहून दिलं होतंत, म्हणून मी नाव तेच ठेवलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सगळं गाव म्हणायचं, नोरीनबाईंचा अंगठा कधी चुकत नाही. मी म्हटलं, माझंच काही चुकलं असणार. आणि तुम्ही फोनवर म्हणालात, सगळी घेऊन जाते." त्याने मार्जोरीच्या कानामागे बोट फिरवलं. "बायको, आमची एडना, त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं."

"अहो, पण निदान याला वेगळा ठेवायचा! एक नर वेगळ्या खोलीत ठेवला असता तर पुढचं काही झालंच नसतं."

सिरिलने तिच्याकडे बघितलं. या बाईला हे कसं कळत नाही, असं त्याच्या तोंडावर होतं. "पण मिसेस एन्टविसल, एकटं ठेवायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना. पहिलाच नियम आहे."

नोरीनने त्या नराला कोटात घेतलं आणि ती गाडीकडे निघाली.

दुपारी पॉलीनच्या स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. पॉलीनने ऐकून घेतलं आणि किटली खाली आपटली.

"कार्ड कुठाय? तुझ्याकडे? मग घाल त्या चुलीत आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बोललीस तर त्या म्हाताऱ्याचं काय भलं होणार? आणि लोक उद्यापासून तुझ्या दारात खोकी आणणार नाहीत, दगड आणतील."

"मी लिहून दिलंय पॉलीन. क्रूरपणा म्हणून. सही आहे माझी."

"मग? नव्वदांचा नरक केला तो कुणी? तू केलास?"

"सुरुवात मी केली."

"सुरुवात फ्रँकने केली, त्याच आठवड्यात मरून," पॉलीन म्हणाली, आणि लगेच तिचा हात धरला. "जाऊ दे. तोंड फाटकं आहे माझं. पण चुलीत घाल ते."

नोरीनने कार्ड चुलीत घातलं नाही, पण बेथनीकडेही नेलं नाही. पर्समध्ये ठेवलं. आज सांगते, उद्या सांगते, करत करत मार्च गेला, एप्रिल गेला. शेडमध्ये उरलेले सहासष्ट आणि त्यांची नवी पिल्लं, औषधं, मलम, आठवड्याची दोन-तीन मरणं. कामाचं निमित्त भरपूर होतं. मार्जोरीला तिने एका म्हाताऱ्या, बाळंतपणाचं वय उलटलेल्या मादीच्या सोबतीला ठेवलं होतं. कागदाचा जरा खडखडाट झाला की तो लुळे पाय ओढत दाराशी यायचा आणि शिट्टी मारल्यासारखा ओरडायचा. सिरिल ब्रेडचा कागद उलगडून त्याला रोज कडा खायला द्यायचा, हे बेथनीने तिला मागाहून सांगितलं.

मे महिन्यात खटला उभा राहिला. सिरिलचं एकच मागणं होतं: बाकी सगळे न्या, पण मार्जोरी आणि तिची सोबतीण एवढी दोनच परत द्या, बेथनीने दर आठवड्याला येऊन तपासावं. त्याच्या वकिलाने ते वाचून दाखवलं. मग समोरच्या वकिलाने नोरीनचा कागद वाचला, 'मुंगीसुद्धा देऊ नये' इथपर्यंत. कुणीतरी मागे हसलं. सिरिल त्याच टायमध्ये बसला होता आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

नोरीन उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"ते मी लिहिलंय. ते चूक आहे," ती म्हणाली. "यांनी जोडी आणली नव्हती, मी दिली. नराला मादी मी म्हटलं. हे कार्ड बघा. यांनी मला फोन केला होता आणि मी त्यांना चोर ठरवलं. यांनी माझा पहिला नियम पाळला, बाईसाहेब, आणि दुसऱ्याच्या धाकाने गप्प राहिले. म्हणून हे झालं."

न्यायासनावरची बाई शांत होती, चांगली होती. तिने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, नोरीनला तिच्या प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद दिले. पण कायदा विचारतो ते इतकंच, की जनावरं कुणाच्या ताब्यात होती आणि कुठल्या अवस्थेत होती. सुरुवात कशी झाली याने चौऱ्याण्णव जनावरांच्या दुखण्यांचा अहवाल बदलत नाही. फेब्रुवारीत सांगितलं असतं तर खटला भरायचा की नाही याचाच विचार झाला असता. आता तो भरलेला आहे. मिस्टर ग्रिमशॉ यांनी दहा वर्षं कुठलंही जनावर बाळगायचं नाही.

दहा वर्षं. एकोणऐंशी वयाच्या माणसाला.

आणि नोरीनच्या कानात एवढंच राहिलं: फेब्रुवारीत सांगितलं असतं तर. तीन महिने कार्ड पर्समध्ये होतं.

बाहेर पायऱ्यांवर सिरिल तिला म्हणाला, "तुम्ही उगाच बोललात. लोकांचा तुमच्यावर विश्वास होता." खरंच काळजीने म्हणाला. तिला वाटलं, यापेक्षा याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

गावच्या साप्ताहिकात आलंच. दगड कुणी आणले नाहीत, पण खोकी कमी झाली. जे आले ते तिने सांगितलेलं ऐकून घेत आणि मग जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन पुन्हा विचारून येत. तिने कुणालाही चार शब्द सुनावले नाहीत. आता ती स्वतःच प्रत्येकाला दोनदा उताणं करते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावते.

तिने बेथनीला विचारलं होतं, "बघायला आला तर?"

"बघायला कोण अडवतंय? पण हातात देऊ नका, नोरीन. खायलाही त्याच्या हाताने नको. कुणी तक्रार केली तर मलाच यावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही."

म्हणून सिरिल दर गुरुवारी बसने येतो, शेडच्या दारात उभा राहतो आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालतो. खिशात ब्रेडचा कागद असतो. तो खिशातल्या खिशात चुरगाळतो. मार्जोरी आतून ओरडतो, पाय ओढत जाळीशी येतो. ब्रेडची कड नोरीन देते. सिरिल बघतो. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग बसची वेळ होते.

गेल्या गुरुवारी तिने त्याला नवं कार्ड दाखवलं. हिरवी शाई तीच होती. जुने दोन नियम खाली सरकले होते, दुसऱ्यातली परत न्यायची धमकी गेली होती, आणि सगळ्यात वर नवा होता. सिरिलने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पूर्वी बसमध्ये थांबे पुकारायचा तसं मोठ्याने वाचलं:

"माझी चूक झालेली असू शकते. काहीही झालं तरी आधी फोन करा. मी रागावणार नाही, आणि काही घेऊन जाणार नाही."

त्याने ते आणखी एकदा मनातल्या मनात वाचलं. मग कार्ड तिच्या हातात परत दिलं.

"हे असं लिहिलेलं असतं तर मी केला असता हो फोन," तो म्हणाला. "पहिल्याच पिल्लाला केला असता."

आणि हात पुन्हा खिशात घालून तो थांब्याकडे निघाला, कारण पावणेचारची बस सुटली की पुढची साडेपाचशिवाय नाही.